कराची ते जुहू : कै. जे. आर. डी. टाटा यांचा आकाशमार्ग

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र लिहून द्यावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली आणि आम्हांला कै. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे नाव सुचले. भोपाळातील मराठी माणसांच्या स्मरणिकेत एका पारशी उद्योगपतीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेलच. तूर्त एवढेच सांगतो की, नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून आलेली आपण सारी मंडळी ज्या प्रश्नाशी जन्मभर झुंजत आलो, त्याच प्रश्नाला ह्या गृहस्थांनी आपले अर्धे आयुष्य वाहिले. घर किती दूर आहे, हा तो प्रश्न.

भोपाळहून मुंबई किती लांब? आगगाडीने जाणारा सांगेल की, इटारसी-भुसावळमार्गे सुमारे ८३५ किलोमीटर. विमानतळापासून विमानतळापर्यंतचे सरळ आकाश-अंतर मोजले, तर ते ६६० किलोमीटरच्या आसपास भरते. पृथ्वी गोल असल्याने ही रेषा गोलावरील सर्वांत आखूड कंसाच्या हिशेबाने काढावी लागते. जेट विमान उंचीवर स्थिरावल्यावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्रैराशिक मांडणाऱ्यास उत्तर येईल पन्नास मिनिटे. वेळापत्रक मात्र दीड तासाच्या आसपासची वेळ दाखविते. ह्यात फसवणूक नाही. वेळापत्रकातील वेळ विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागी उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची चाल, वर चढण्यास लागणारा वेळ, वाऱ्याची दिशा, मार्गातील वळणे, उतरण्यासाठी लागलेली रांग, हे सारे त्यात धरावे लागते. म्हणजे अंतर भूगोलाने ठरविले. वेळ मात्र यंत्र, हवामान आणि माणसाची व्यवस्था ह्या तिघांनी मिळून ठरते.

ह्या फरकाचा अनुभव आम्हांस फार लवकर आला. नोकरीच्या आरंभीच्या काळात आम्ही आसामात बदलीवर होतो. वडील साताऱ्यास अत्यवस्थ असल्याची तार आली. डिसेंबरचे दिवस होते. धुक्यामुळे पहिले विमान सुटले नाही, त्यामुळे पुढचे चुकले. हवेतील प्रवास सारा मिळून पाच तासांचाही नव्हता. आम्ही घरी पोचलो ते तिसऱ्या दिवशी. तोवर सर्व आटोपले होते. दोष कोणाचाच नव्हता. परंतु विमान किती वेगाने उडते ह्यापेक्षा ते सांगितल्या वेळी सुटते की नाही, ह्याला माणसाच्या आयुष्यात केवढे मोल असते, हे त्या दिवशी कळले. पुढे जे. आर. डी. टाटांचे चरित्र वाचनात आले, तेव्हा ह्या मोलाची जाण असलेला माणूस आपल्या देशातील विमानवाहतुकीच्या आरंभालाच उभा होता, हे पाहून आम्हांस त्यांच्याविषयी आपलेपणा वाटू लागला.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांचे नातलग व व्यवसायातील सहकारी. आई सुझान ह्या फ्रेंच होत्या. बालपण फ्रान्स, मुंबई, जपान असे विखुरलेले गेले. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्दलो ह्या गावी राहावयास जाई. त्याच परिसरात विमानविद्येतील अग्रणी लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. २५ जुलै १९०९ रोजी ब्लेरिओंनी फ्रान्स आणि इंग्लंड यांमधील खाडी विमानाने सुमारे सदतीस मिनिटांत ओलांडली. तेव्हा जहांगीरला पाच वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. समुद्राने शतकानुशतके वेगळे ठेवलेले दोन देश जेवणाच्या पंक्तीस लागतो तेवढ्या वेळात जोडले गेले, ही गोष्ट त्या बालमनावर कोरली गेली. पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर त्यांना विमानातून एक लहानशी फेरी मारावयास मिळाली आणि आपण वैमानिक व्हावयाचे, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

मध्यंतरीचा काळ सुखाचा नव्हता. १९२३ साली मातृछत्र हरपले. फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागली. केंब्रिजला जाऊन शिकण्याची इच्छा होती. परंतु वडिलांनी मुंबईस बोलावून घेतले आणि १९२५ साली ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बावीस वर्षांच्या तरुणावर धाकट्या भावंडांचा आणि कर्जफेडीचा भार पडला. पदवी नाही ही खंत त्यांना पुढेही सलत असे. तथापि ती उणीव त्यांनी अखंड वाचनाने भरून काढली.

१९२९ साली त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला. त्याच वर्षी १० फेब्रुवारी रोजी भारतात शिकून वैमानिकाचा परवाना मिळविणारे ते पहिले गृहस्थ ठरले. परवान्यावर १ हा क्रमांक होता. आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांमधील एकट्याने केलेल्या उड्डाणासाठी पारितोषिक जाहीर केले होते, त्याची स्पर्धा पुढील वर्षी झाली. जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनियर हा कोवळा तरुण इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान इंजिनाच्या स्पार्क प्लगांवाचून अडले होते. स्पर्धा वेळेची, आणि प्रतिस्पर्धी खोळंबलेला. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग काढून दिले. अस्पी प्रथम पोचले व पारितोषिक त्यांना मिळाले. हेच अस्पी १९६० साली भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. वेळेचे महत्त्व जाणणारा माणूस दुसऱ्यासाठी स्वतःची वेळ किती सहज खर्च करू शकतो, ह्याचे हे उदाहरण आम्हांस त्यांच्या सर्व पुढील मानसन्मानांहून मोठे वाटते.

ह्या सुमारास लंडनचे टपाल इंपीरिअल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येऊ लागले होते. तेथून पुढे मात्र ते आगगाडीच्या स्वाधीन होई. ब्रिटिश हवाई दलात काम केलेले नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे वैमानिक ह्या टपालाला कराचीच्या पुढे पंख लावण्याची योजना घेऊन टाटांकडे आले. सर दोराबजी टाटा प्रथम राजी नव्हते. अखेर दोन लाख रुपये भांडवल घालण्यास त्यांनी संमती दिली. सरकारी मान्यतेस तीन वर्षे लागली. सरकारने अर्थसाहाय्य दिले नाही. टपालाच्या वजनानुसार मोबदला तेवढा ठरला. सरकारी कचेऱ्यांत उभे आयुष्य घालविलेल्या आम्हांस त्या तीन वर्षांतील कागदांचे प्रवास डोळ्यांपुढे आणण्यास कल्पनाशक्तीची फारशी गरज पडत नाही.

अखेर १५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस उजाडला. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे चिमुकले विमान घेऊन जे. आर. डी. एकटे निघाले. सोबत ५५ पौंड टपाल होते. विमानाचा वेग ताशी सुमारे १०० मैल. बिनतारी संदेशयंत्र नव्हते. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि खाली दिसणारी भूमी एवढाच आधार. कराची ते अहमदाबाद हे आकाश-अंतर सुमारे ३७० मैल. वारा शांत असेल तर ते काटण्यास पावणेचार तासांच्या आत-बाहेर वेळ लागे. तोच वारा ताशी वीस मैलांनी समोरून आला, तर तेवढ्याच अंतराला साडेचार तासांहून अधिक वेळ लागून पेट्रोलाचा हिशेब बिघडे. म्हणून वैमानिकास दर अर्ध्या तासाला खालची खूण ओळखून आपण अपेक्षेपेक्षा पुढे आहो की मागे, हे ताडून पाहावे लागे.

अहमदाबादेस पेट्रोलाचे डबे बैलगाडीतून विमानाजवळ आणण्यात आले. एकाच मैदानात बैलगाडी आणि विमान, आणि दोघांचे एकमेकांवाचून अडलेले! तेथून मुंबईचे अंतर सुमारे २७५ मैल. दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मैदानावर उतरले. एकूण सुमारे ६४५ मैलांचा हा प्रवास मुक्कामासह सव्वासात तासांच्या आसपास पुरा झाला. पुढील टप्प्याचे सारथ्य व्हिन्सेंट यांनी केले आणि बल्लारीमार्गे ते टपाल मद्रासला पोचविले. भारतीय विमानवाहतुकीचा जन्म झाला तो असा, गाजावाजा न होता.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. १९३२ साली सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो वेगळा प्रांत झाला १९३६ साली. म्हणजे जे. आर. डीं.चे ते उड्डाण एकाच इलाख्यातील दोन शहरांमधले होते. कराचीत मराठी माणसांची वस्ती होती. सिंधमधील शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत नारायण जगन्नाथ वैद्य ह्या मराठी गृहस्थांची गणना होते आणि त्यांच्या नावाची शाळा कराचीत उभी आहे. कराचीहून मुंबईस पत्र धाडणाऱ्या अशा कुटुंबांना त्या विमानाने घर जवळ आले असणार.

जुहूचे मैदान समुद्राला लागून. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून चार महिने बिऱ्हाड पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावे लागे. सह्याद्रीवर ढग उतरलेले असताना, यंत्रांची साथ नसताना ही टपालसेवा चालली. पहिल्या वर्षात विमानांनी १,६०,००० मैल प्रवास केला व १५५ उतारूंची ने-आण केली. १९३३-३४ सालच्या सरकारी अहवालात ह्या सेवेच्या शंभर टक्के वक्तशीरपणाची नोंद झाली. दोन विमाने, मोजकी माणसे, झावळ्यांनी शाकारलेली कचेरी, आणि वेळापत्रक मात्र न चुकणारे! जे. आर. डीं.च्या कार्याचे मर्म आम्हांला येथे दिसते. विमानाचा वेग परदेशी कारखान्यात ठरत होता. त्यावर त्यांचा अधिकार नव्हता. निघण्याच्या घटकेवर मात्र होता, आणि तो त्यांनी पुरेपूर बजावला.

आता आपल्या भोपाळकडे वळू. १९३५ साली गोवा व कन्नूरमार्गे त्रिवेंद्रमची वाट खुली झाली. नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांनी मुंबई-दिल्ली सेवा सुरू केली, तीत इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर हे थांबे होते. मुंबई ते इंदूर सुमारे ५०५ किलोमीटर, इंदूर ते भोपाळ १७०, भोपाळ ते ग्वाल्हेर ३४५ आणि तेथून दिल्ली २७५. म्हणजे थांबत थांबत सुमारे १३०० किलोमीटर. सरळ गेल्यास मुंबई-दिल्ली अंतर दीडशे किलोमीटरने कमी पडले असते. परंतु ह्या वळणामुळेच इंदूर-ग्वाल्हेरची मराठी संस्थाने आणि भोपाळसारखे गाव आकाशमार्गावर आले. सर्वांत आखूड रेषा ही नेहमीच सर्वांत उपयोगी रेषा नसते, हे लहान विमानतळांच्या गावी राहणाऱ्यांनी तरी विसरू नये.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, रसायने, मोटारी, कर्करोगाचे रुग्णालय, मूलभूत संशोधनाची संस्था असा त्यांचा व्याप वाढत गेला. जीव मात्र विमानांत राहिला. १९४२ साली युद्धकाळातील विमानप्रवासात व्हिन्सेंट नाहीसे झाले आणि आरंभीचा सोबती हरपला. १९४६ साली टाटा एअरलाइन्सचे नाव एअर-इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा जे. आर. डी. स्वतः त्यात होते. १९४९ च्या आरंभी सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करू लागली. ह्या योजनेबद्दल मात्र जे. आर. डी. साशंक होते, रात्रीच्या उड्डाणास लागणारी साधने पुरेशी नसताना घाई करू नये, असे त्यांचे मत होते. सेवा पुढे अनेक वर्षे चालली आणि नागपूरची मध्यरात्र देशभराच्या टपालाला उपयोगी पडली. मोठ्या माणसाचा प्रत्येक अंदाज खरा ठरतोच असे नाही, हेही चरित्रलेखकाने नमूद केले पाहिजे.

१ ऑगस्ट १९५३ रोजी विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. आठ देशांतर्गत कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली आणि परदेशी सेवा एअर-इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली. जे. आर. डीं.चा ह्याला विरोध होता आणि निर्णय घेताना आपणांस विश्वासात घेतले नाही, ही व्यथाही होती. असे असता सरकारने अध्यक्षपद देऊ केले, तेव्हा त्यांनी ते स्वीकारले आणि पंचवीस वर्षे विनावेतन सांभाळले. सरकारी नोकर ह्या नात्याने राष्ट्रीयीकरण बरोबर की चूक ह्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांस नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. मालकी गेल्यावर माणसाची आस्था बहुधा जाते. ह्यांची गेली नाही. प्रवासात ते हाती कागद घेऊन बसत आणि पडद्यांच्या रंगापासून चहाच्या प्रतीपर्यंत जे खटकेल ते टिपून संबंधितांकडे पाठवीत. १९६० साली बोइंग जेट विमाने आली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये एअर-इंडियाचा सारा ताफा जेट विमानांचा झाला. असे करणारी ती जगातील पहिली कंपनी होय.

फेब्रुवारी १९७८ मध्ये तत्कालीन सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. ही वार्ता त्यांना सरकारकडून थेट न कळता त्यांच्या जागी नेमलेल्या गृहस्थांकडून कळली. शेकडो निरोप-समारंभ पाहिलेल्या आम्हांस ही गोष्ट वाचताना संकोच वाटला. साध्या लिपिकालाही निवृत्तीच्या दिवशी हार व श्रीफळ मिळते. १९८० साली त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेण्यात आले. तेही त्यांनी मनात किल्मिष न ठेवता मान्य केले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा कराचीस गेले आणि लेपर्ड मॉथ नावाच्या जुन्या विमानातून एकटेच अहमदाबादमार्गे मुंबईस आले. १९६२ सालीही त्यांनी ही वाट अशीच पुन्हा चोखाळली होती. आम्ही त्या वेळी शाळेत होतो. वर्तमानपत्रातील ते छायाचित्र आम्हांस अंधुक आठवते. अंतर तेच, मार्ग तोच, विमानाचा वेगही जवळपास तेवढाच. मात्र १९३२ साली एकाच इलाख्यातील असलेला हा प्रवास आता दोन देशांमधला झाला होता आणि त्यासाठी दोन सरकारांची अनुमती लागली. नकाशावरील ६४५ मैलांत एका मैलाचीही भर पडलेली नव्हती. तरीही कराची दूर गेली होती. हे अंतर कमी करणारे यंत्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

१९९२ साली जे. आर. डीं.ना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि जन्मभूमी पॅरिसमध्ये त्यांना चिरविश्रांती मिळाली. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांच्या स्वाधीन झाली. ते पाहण्यास ते नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. ज्या वाटेने आपल्या विमानवाहतुकीचा जन्म झाला, तीच वाट मिटली. कराची ते मुंबई सरळ आकाश-अंतर आजही सुमारे ८७५ किलोमीटर आहे. जेटच्या हिशेबाने दीड तासाचा रस्ता. अंतर आणि वेळ दोन्ही जाग्यावर असून भागत नाही, जाण्याची मुभाही असावी लागते.

आपल्या मंडळाची पन्नास वर्षे आणि त्या उड्डाणाची पन्नास वर्षे यांची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. भोपाळ आणि मुंबई, पुणे वा सातारा यांमधील अंतर आपल्या मंडळाने एका किलोमीटरने कमी केले नाही. गणेशोत्सवाची आरती ठरल्या वेळी, ग्रंथालयाचे दार ठरल्या वेळी, आजारी सभासदाच्या दारी माणूस वेळेवर, एवढेच ते करीत आले; आणि त्यामुळेच येथे घर दूर वाटले नाही. जे. आर. डीं.नी जुहूच्या मैदानावरून ह्याहून वेगळे काही केले असे आम्हांस वाटत नाही. फक्त त्यांचे आकाश मोठे होते.

ह्या वक्तशीर, निर्भय आणि निर्मत्सर पुरुषाच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.